वगळलेले चव्वेचाळीस

बरखेडा, भोपाळ
१२ जानेवारी २०२५

प्रसाद,

हात सवयीने 'दादा' लिहायला निघाला होता. थांबवला.

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. ईमेल केला तर तुझ्या विभागातून 'सर प्रवासात आहेत' असं उत्तर येतं. गेले कित्येक महिने तू प्रवासातच आहेस. म्हणून स्पीड पोस्ट. पत्ता हॉस्पिटलचा घातला आहे, कारण घरी प्राजक्तावहिनी उघडेल आणि तिला यात ओढायची माझी इच्छा नाही.

पेपरबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुझा अभ्यास छापून आला, त्यावर माझं नाव नाही, तो विषय संपला. हे पत्र बाबांबद्दल आहे.

बाबांना गुरुवारी परत झटका आला. हा तिसरा. पहिले दोन मी पाहिले नव्हते. तूही पाहिले नाहीस. पहिल्याचा व्हिडिओ शेजारच्या मनोहर अंकलनी तुला पाठवला होता. चहाच्या टपरीपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेले बाबा, मान मागे पडलेली, डोळे वर, दोन्ही हात उडताहेत. तेवढ्यावरून तू पुण्याहून 'फिट्स' असं निदान केलंस. हार्ट अटॅकनंतर त्यांना सुरू असलेली गोळी बंद करून त्याच जातीची दुसरी दिलीस, प्रोप्रानोलॉल. ही हृदयालाही चालते आणि मेंदूतही उतरते, झटके दाबते, असं तू बाबांना समजावलंस. ते त्यांनी पाठ केलं आहे. कॉलनीत सगळ्यांना सांगतात. "मेरा बेटा न्यूरो है, न्यूरो. एक गोली में दो काम."

गुरुवारी मी ऑफिसला निघाले होते. बाबा कुंड्यांना पाणी घालत होते. वाकून उभे राहिले, चेहरा पांढरा पडला आणि ते गुडघ्यांत दुमडले. मनोहर अंकल कुंपणापलीकडे होते. ते आणि त्यांचा जावई धावत आले. दोघांनी बाबांना काखेत धरून उचललं आणि वेताच्या खुर्चीत बसवलं. बसवल्यावर हात उडायला लागले. आधी नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून लिहिते: पडले तेव्हा ते शांत होते, बसवल्यावर झटके सुरू झाले.

जावई बूट काढून नाकाशी धरत होता. आई म्हणाली, "निदान धुतलेला तरी आणायचा."

मी बाबांच्या मानेवर बोटं ठेवली. आधी काहीच लागलं नाही. मग एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग एक. मी म्हटलं, यांना खाली आडवं करा. मनोहर अंकल ऐकेनात. "बिटिया, इतने बड़े आदमी को सबके सामने ज़मीन पर लिटाओगी? लोग क्या कहेंगे?" मी खुर्ची मागून तिरकी केली आणि बाबांना अक्षरशः ओढून फरशीवर घेतलं. पाय खुर्चीवर ठेवले. हात उडायचे लगेच थांबले. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "नळ बंद केला का?"

फिट येऊन गेलेला माणूस नळाची चौकशी करत नाही. तो बराच वेळ गोंधळलेला असतो. हे तू विद्यार्थ्यांना शिकवतोस.

ही फिट नाही. हृदय इतकं संथ होतं की मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस चक्कर येऊन पडतो. पडला की आडवा होतो, रक्त परत पोचतं, तो शुद्धीवर येतो. पण आपल्याकडे मोठ्या माणसाला जमिनीवर पडलेलं बघवत नाही. त्याला मानाने खुर्चीत बसवतात. मग रक्त पोचत नाही आणि हातपाय उडतात. तो व्हिडिओ फिटचा नाही, खुर्चीचा आहे.

आणि तू दिलेली गोळी हृदय संथच करते.

बाबांना एकदा फोन कर, त्यांची नाडी मोजायला सांग. तुझं सांगणं ते ऐकतील.

क्षितिजा


बरखेडा, भोपाळ
२ फेब्रुवारी २०२५

प्रसाद,

पहिलं पत्र तुला मिळालं आहे. पोस्टाच्या साइटवर सही दिसते. तुझी नाही, कुणा कारकुनाची, पण पोचलं.

पोचल्याचा दुसरा पुरावा असा की त्याच आठवड्यात तू बाबांना फोनवर नवा डोस सांगितलास. सकाळी एक होती, आता रात्रीही एक. मी स्वयंपाकघरात होते आणि बाबा फोन नेहमीच स्पीकरवर ठेवतात. तू म्हणालास, "क्षितीचं मनावर घेऊ नका. ती आकडे बघते, पेशंट नाही बघत."

बाबा हसले. तेही पाठ झालं आहे त्यांचं. आता मी काही बोलले की म्हणतात, "आकडेवाल्या बाई आल्या."

मी आकडेच पाठवते आहे. सोबत झेरॉक्स आहे. मी ज्या प्रोजेक्टचे आकडे सांभाळते, त्यात छातीवर चिकटवायची छोटी पट्टी वापरतात, ती दिवसरात्र हृदयाची नोंद घेते. डॉ. अनुराधा देव यांना विचारून बाबांना लावली. त्या हृदयरोगतज्ज्ञ आहेत आणि प्रोजेक्ट त्यांचा आहे. चोरून काही केलेलं नाही. बाबांनीही लावून घेतली, कारण मी सांगितलं की यंत्राची चाचणी करायची आहे. कारखान्यात तपासणी विभागात जन्म गेला त्यांचा. चाचणी म्हटल्यावर नाही म्हणत नाहीत.

पिवळ्या पेनने खुणा केल्या आहेत त्या जागी हृदय थांबलं आहे. मंदावलं नाही, थांबलं. सगळ्यात लांब खूण दुपारच्या झोपेतली आहे. त्या वेळी ते पलंगावर आडवे होते, म्हणून कुणाला कळलं नाही. उभे असते तर पडले असते. एखाद्या वेळी हृदय परत सुरूच होणार नाही.

डॉ. देव यांचं म्हणणं: भरती करावं, नजरेखाली गोळी कमी करत थांबवावी, मग पेसमेकर लागतो का ते पाहावं. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी पट्टीचा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "प्रसादला दाखव."

"त्याला पाठवलाय."

"मग तो बघेल. त्यानेच सांगितलंय, ही गोळी अचानक थांबवली तर माणूस दगावतो."

ते तू खरंच सांगितलं होतंस आणि ते खरंही आहे. म्हणून त्यांना हट्टी म्हणता येत नाही. अटॅक आला तेव्हा तू रातोरात गाडी चालवत आला होतास, ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत त्यांचा हात सोडला नव्हतास. त्यांच्या लेखी ते आज जिवंत आहेत ते तुझ्यामुळे. मीही तिथे होते, हे त्यांना आठवत नाही. तक्रार नाही. फक्त तुझ्या एका वाक्याचं वजन किती आहे ते तुला कळावं.

आणखी एक, मग थांबते. तुळशी नगरहून संकेतची आई आली होती, आमच्या लग्नाची बोलणी करायला. मिरगी तुमच्या घराण्यात आहे का, असं तिने आईला विचारलं. मी सांगितलं, निदान न्यूरोलॉजिस्टने केलंय, माझ्या सख्ख्या भावाने. ती चहा अर्धा ठेवून गेली. हा मुद्दा या पत्राचा नाही. नोंद म्हणून लिहिला.

क्षितिजा


बरखेडा, भोपाळ
११ फेब्रुवारी २०२५

प्रसाद,

काल सकाळी बाबा मोरीत पडले. कपाळ नळाच्या तोटीवर आपटलं, टाके पडले. दार आतून बंद होतं, मनोहर अंकलनी कडी तोडली. या वेळी खुर्ची आणायला जागाच नव्हती, म्हणून ते आडवेच राहिले आणि आपोआप शुद्धीवर आले. झटके आले नाहीत. डोक्याला टाके घालताना बाबा त्या कंपाउंडरला सांगत होते, "बघा, गोळी वाढवल्याचा गुण. पडलो, पण फिट नाही आली."

मी तुला हे वाक्य जसंच्या तसं पाठवते आहे. तुझा अख्खा अभ्यास या एका वाक्यात मावतो.

तुला प्रश्न पडला असेल की मी गोळी बदलून का ठेवत नाही. आईने सुचवलं होतं. तशाच दिसणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. मी नाही म्हटलं. एक तर अचानक थांबवणं खरोखरच धोक्याचं आहे. दुसरं, उद्या काही झालं आणि बाबांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तर ते डॉक्टरांना एक सांगतील आणि पोटात दुसरंच असेल. चुकीच्या माहितीवर उपचार होतील. चुकीच्या माहितीवर काय काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

तुला काय बोलायचं आहे ते लिहून देते. वाचून दाखवलंस तरी चालेल. "बाबा, गोळी कमी करायची आहे, डॉ. देव सांगतील तसं करा." यात तुझी चूक कबूल केलेली नाही. माझं नावसुद्धा नाही.

आई विचारते, तुमचं भावाबहिणीचं भांडण नेमकं आहे तरी कशावरून? मी सांगितलं, हिशेबावरून. तिला वाटलं घराच्या वाटणीवरून असेल. म्हणाली, "एवढंसं तर घर आहे."

क्षितिजा


बरखेडा, भोपाळ
२० फेब्रुवारी २०२५

प्रसाद,

काल तू फोन केलास. नवीन नंबरवरून. जे बोलणं झालं ते लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहायला नको. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

तू आधी बाबांबद्दल विचारलं नाहीस. आधी विचारलंस, "जर्नलला पत्र तू लिहिलंस?"

मी हो म्हटलं. नोव्हेंबरात लिहिलं. म्हणजे पहिल्या पत्रात मी 'पेपरबद्दल मला काही म्हणायचं नाही' असं लिहिलं तेव्हा ते संपादकांकडे पोचलेलं होतं. तुला म्हणायचं नव्हतं. त्यांना म्हटलं होतं. आता त्यांनी तुझ्याकडे खुलासा मागितला आहे, म्हणून तू प्रवासातून परत आलास.

तू म्हणालास, मी तुझं करिअर संपवायला निघाले आहे. मी काय विचारलं आहे ते परत सांगते, कारण तू फोनवर ऐकून घेतलं नाहीस. फिट्स येणारे आणि हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी ही गोळी घेणारे तुझ्या हॉस्पिटलचे रुग्ण. गोळीने झटके वाढतात की कमी होतात, हा प्रश्न. प्रश्न चांगला आहे. उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत झटके कमी होतात, आणि गोळीचं प्रमाण फार झालं तर माणसांना उलट झटके येतात. खरं उत्तर कुणाला तरी शोधायलाच हवं होतं. तू माहिती दिलीस, हिशेब मी केला. पहिल्यांदा केला तेव्हा काहीच फरक निघाला नाही. मग तू सांगितलंस की चव्वेचाळीस जणांनी गोळी मध्येच सोडली, त्यांची माहिती अपुरी आहे, त्यांना काढ. काढल्यावर झटके एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले.

मी विचारलं होतं, त्यांनी गोळी का सोडली? तू म्हणालास, आपले लोक औषध सोडतातच. त्यांचे केसपेपर, नावं झाकलेले, मी काढून पाहिले. बऱ्याच जणांच्या शेवटच्या भेटीत लिहिलं आहे: पडले. चक्कर. पुन्हा झटका. ज्यांना गोळी सोसली नाही त्यांनी ती सोडली, आणि ज्यांनी सोडली त्यांना आपण मोजलंच नाही. मग उरलेल्यांना ती मानवणारच. मी पेपरवरून माझं नाव काढून घेतलं. तू म्हणालास, मला संशोधनातलं राजकारण कळत नाही. ते खरं आहे.

त्यातले काही बाबांसारखेच असतील. खुर्चीत बसवलेले. अजून त्यांना कुणी विचारायला गेलेलं नाही.

मग तू अट सांगितलीस. मी तुझे शब्द लिहिते. "तू ते पत्र मागे घे, क्षिती. उद्या घे. मग मी बाबांशी बोलतो."

मी विचारलं, आणि नाही घेतलं तर?

तू म्हणालास, "मग त्यांनी कुणाचं ऐकावं हे त्यांचं ते ठरवतील."

मी पट्टीचे कागद पाहिलेस का असं विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस. याचा अर्थ पाहिलेस. तू वाईट डॉक्टर नाहीस, हेच अवघड आहे. तुला ते कागद पाहून एका मिनिटात कळलं असणार. त्यानंतरही तुला बाबांच्या हृदयाची किंमत माझ्या एका पत्राएवढी ठरवता आली.

रात्री मी दोन रकाने केले नाहीत, फायदे-तोटे मांडले नाहीत. एका बाजूला चव्वेचाळीस माणसं आहेत, त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत, फक्त क्रमांक. दुसऱ्या बाजूला शेजारच्या खोलीत घोरणारा माणूस. घोरणं मध्ये थांबलं की मी उठून बसते.

पत्र आज सकाळी मागे घेतलं. संपादकांच्या पोचपावतीची प्रत सोबत आहे. मी मागे घेतलेली गोष्ट नेमकी कोणती तेही लिहिते, कारण मला नेमकं लिहायची सवय आहे: माझ्या सहीचं, नोव्हेंबरमध्ये पाठवलेलं, तुझ्या अभ्यासाबद्दलचं पत्र.

आता फोन कर.

क्षितिजा


बरखेडा, भोपाळ
९ मार्च २०२५

प्रसाद,

बाबा घरी आले. डॉ. देव यांनी भरती करून गोळी टप्प्याटप्प्याने थांबवली. तरीही हृदय अधूनमधून थांबत होतं, म्हणजे दुखणं मुळातच होतं, गोळीने ते उघडं पाडलं आणि वाढवलं. पेसमेकर बसवला. आता पडायचं भय नाही. फिट्सचं निदान कागदावरून काढलं आहे. संकेतकडे ते कळवलेलं नाही. कळवून उपयोग नाही.

तुझ्या फोनबद्दल लिहायलाच हवं. तू छान बोललास. मी दिलेलं वाक्य वापरलं नाहीस, स्वतःचं तयार केलंस. "बाबा, मला गेले काही दिवस शंका येत होती. ही फिट नसावी, हृदयाचं असावं. मीच डॉ. देवांना सांगून ठेवलंय."

बाबांचा चेहरा मी पाहत होते. टाक्यांमुळे त्यांची एक भुवई वर ओढलेली होती, तरी तो उजळला. फोन ठेवल्यावर त्यांनी आईला हाक मारली आणि म्हणाले, "विजया, पुण्यात बसून ओळखलं गं. न बघता." मग मला म्हणाले, "बघ, आकडे सगळेच वाचतात. पेशंट वाचावा लागतो."

आई माझ्याकडे बघत होती. मी कणिक मळत होते, मळत राहिले.

मनोहर अंकल हॉस्पिटलमध्ये भेटायला आले तेव्हा बाबांनी सगळी हकीकत तुझ्या नावाने सांगितली. अंकल ऐकत होते. शेवटी म्हणाले, "भालचंद्र बाबू, बेटा तो हीरा है. पर उस दिन कुर्सी से नीचे तो इसी ने खींचा था. मुझसे लड़ के." बाबा म्हणाले, "हां हां, इसने भी मदद की."

मदद. ठीक आहे.

प्राजक्तावहिनीचा आईला फोन आला होता. तुला अधिवेशनात भाषणाचं बोलावणं आलं आहे म्हणे, त्याच अभ्यासावर. संपादकांना खुलासाही आता तुला द्यावा लागणार नाही. दोन्हीबद्दल अभिनंदन लिहायचं मनात नाही, म्हणून लिहीत नाही.

क्षितिजा


बरखेडा, भोपाळ
२७ एप्रिल २०२५

प्रसाद,

हे शेवटचं. यापुढे बाबांची तब्येत तुला बाबाच सांगतील.

डॉ. देव एका रुग्णाची हकीकत एका वैद्यकीय मासिकाला पाठवत आहेत. फिट समजून हृदय संथ करणारी गोळी वाढवत नेलेला, मुळात हृदय थांबून पडणारा, शेजाऱ्यांनी उचलून खुर्चीत बसवलेला एक निवृत्त इंजिनियर. रुग्णाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. माझंही नाव नाही. पत्र मागे घेताना तुला दिलेला शब्द मी पाळला आहे. डॉ. देव यांनी तुला कुठलाही शब्द दिला नव्हता. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही असं तू म्हणशील. बरोबर आहे. त्या तसं म्हणतच नाहीत. शेवटी त्या एवढंच विचारतात की आधीच्या एका अभ्यासात गोळी मध्येच सोडलेले चव्वेचाळीस रुग्ण मोजलेले नाहीत, ते कुठे आहेत. हा आकडा तुझ्याच पेपरात छापलेला आहे, बारीक अक्षरात, तक्त्याखाली. मी फोडलेला नाही.

रुग्णाची संमती लागते. ती डॉ. देव यांनी मागितली, मी नाही. त्या परवा घरी आल्या होत्या. बाबांना वाटलं तुझा पराक्रम छापून येणार. आईला म्हणाले, डॉक्टरीणबाईंना आंब्याचा रस दे. चष्मा पुसून बसले, पेन आधीच हातात.

डॉ. देव म्हणाल्या, वाचल्याशिवाय सही करू नका. मला वाटलं होतं ते वरवर चाळतील. पण कारखान्यातली त्यांची सवय तुला माहीत आहे. तपासणीचा अहवाल ते शेवटच्या पानापासून वाचतात, कारण निकाल तिथे असतो. त्यांनी शेवटचं पान उघडलं. तिथे संदर्भांची यादी होती आणि चौथ्या ओळीवर 'वझलवार पी.' होतं. वैद्यकात किती वझलवार असणार.

मग त्यांनी सगळं वाचलं. इंग्रजी हळू वाचतात, ओळीखाली पेनाचं टोपण सरकवत. डॉ. देव यांचा रस पिऊन झाला, त्या उठून अंगणात गेल्या. बाबांनी मला एका जागी टोपण ठेवून विचारलं, "हे चव्वेचाळीस. गोळी सोडलेले. हे हिशेबात धरलेच नाहीत?"

"नाही."

"चाचणीत तुटलेले नग बाजूला ठेवले तर उरलेला माल चांगलाच दिसणार."

"हो."

"त्याच्या लक्षात आलं नसेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हार्ट अटॅकनंतर बहुधा पहिल्यांदाच माझ्याकडून तुझ्याबद्दल काही जाणून घ्यावंसं त्यांना वाटलं असेल.

"तू त्याला सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं."

"आणि माझं? मोरीत पडलो, त्याच्या आधी?"

"दोनदा लिहिलं होतं. कागदांसकट."

पेसमेकर बसवला आहे त्या जागी, खांद्याखाली, त्यांचा हात आपोआप जातो हल्ली, तसा गेला. मग त्यांनी सही केली. पूर्ण नाव, भालचंद्र नारायण वझलवार, खाली तारीख. कारखान्यात एखादा माल नापास करताना करायचे तशी, ठळक. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मी हे वाचलं असं प्रसादला सांगू नकोस. त्याला वाटू दे, म्हाताऱ्याने नुसतीच सही केली. रविवारचा फोन आहे आमचा."

मी हो म्हटलं नाही.

आज रविवार. हे लिहिते आहे तेव्हा बाहेरच्या खोलीत तुमचं बोलणं चालू आहे, नेहमीप्रमाणे स्पीकरवर. बाबा तुला सांगताहेत की तब्येत एकदम ठणठणीत, जिना चढून दमत नाहीत, सगळी तुझी कृपा, डॉक्टरसाहेब. तू हसतोस. आवाज इतका नेहमीचा आहे की मला माहीत नसतं तर मीही फसले असते.

हे पत्र तुला बुधवार-गुरुवारपर्यंत मिळेल. पुढच्या रविवारी ते तुला परत 'डॉक्टरसाहेब' म्हणतील. नीट ऐक.

क्षितिजा